रेकॉर्डिंग विकणं सोडून द्यायचं का? (सांगली-मिरज परिसरातल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी चर्चा; प्रत्येक उताऱ्याच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

हळदपेठ

मिरजेत नवरात्राच्या मैफली ठरायला लागल्या, किंवा पलूस-वाळव्याकडचं एखादं भजनी मंडळ रेकॉर्डिंग करायचं म्हणालं, की हल्ली एकच सल्ला ऐकू येतो : "सीडी कोण घेतंय आता? यूट्यूबवर टाका आणि मोकळे व्हा." हा सल्ला चुकीचा आहे असं माझं ठाम मत आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर खोडून काढावं, पण हिशेब मांडून.

आधी एक गैरसमज बाजूला करू. ध्वनिमुद्रित संगीताचा धंदा बुडालेला नाही. जगभरच्या रेकॉर्ड कंपन्यांची कमाई १९९९ च्या सुमारास शिखरावर होती, तिथून पंधरा वर्षं घसरली आणि २०१४ नंतर पुन्हा चढत गेली. आयएफपीआय या त्यांच्या जागतिक संघटनेचा २०२४ चा आकडा २९.६ अब्ज डॉलर आहे, त्यात ६९ टक्के स्ट्रीमिंगचे. पैसा परत आला, प्रत विकत घेणारा माणूस आला नाही.

आणि आपल्याकडं त्या माणसाला स्ट्रीमिंगनं पळवलेलं नाही. आधी एमपीथ्री सीडी आली. ७०० एमबीची चकती, १२८ केबीपीएसला मिनिटाला साधारण एक एमबी, म्हणजे पाच मिनिटांची दीडशे गाणी एका सीडीवर. दहा गाण्यांची कॅसेट तिथंच हरली. मग मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्ड 'भरून' मिळायला लागलं. त्यात कोणत्या गाण्याचे कुणाला किती, हा प्रश्नच उरला नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. त्याच वर्षी मुंबईचं ऱ्हिदम हाऊस हे संगीताचं दुकान बंद झालं. स्पॉटिफाय भारतात आलं फेब्रुवारी २०१९ मध्ये, तोवर तालुक्याच्या गावातलं कॅसेटचं दुकान मोबाईलची कव्हरं विकत होतं.

आता मुद्दा. स्ट्रीमिंगमध्ये पैसे मिनिटावर नाहीत, वाजण्याच्या संख्येवर आहेत. ३० सेकंद वाजलं की एक गणती. सव्वातीन मिनिटांचं गाणं आणि ४० मिनिटांचा यमन राग, दोघांनाही एकच. शिवाय स्पॉटिफायवर २०२४ पासून एखाद्या ट्रॅकला बारा महिन्यांत १,००० वाजण्या झाल्या नाहीत तर त्याची रॉयल्टी धरलीच जात नाही. आपल्या भागातल्या बऱ्याच खयाल गाणाऱ्यांचं आणि सतारियांचं गणित इथंच संपतं.

उलट बाजू बघा. कार्यक्रमाला ३०० माणूस आहे, त्यातल्या ६० जणांनी २०० रुपयांची प्रत घेतली, एका प्रतीमागं खर्च ८० रुपये धरला, तर हातात ७,२०० राहतात. हेच ७,२०० स्ट्रीमिंगमधून आणायचे तर, हिशेबापुरता एका वाजण्याला १० पैसे दर धरून, ७२,००० वाजण्या लागतील. दर कमी-जास्त होतो : ऐकणारा वर्गणीदार आहे की जाहिराती ऐकणारा, कोणत्या देशातला आहे, यावर. पण कितीही ओढूनताणून ७२,००० चे ६० होत नाहीत.

पैशाइतकीच मोठी दुसरी गोष्ट म्हणजे कॅसेटच्या आतलं घडीचं कार्ड. तबला कुणाचा, पेटी कुणाची, तानपुऱ्यावर कोण, पद कुणाचं, चाल कुणाची, सगळं त्यावर छापलेलं असायचं. ॲपवर एक नाव दिसतं. साथीदार गेला कुठं?

जवारी

मी रेकॉर्डिंग करणाऱ्यांच्या बाजूनं बोलतो, आणि हळदपेठ यांच्याशी मुळातच असहमत आहे.

विक्री होती तेव्हा ती कलाकाराची कधी होती? कॅसेट कंपनी एकरकमी मानधन द्यायची, कागदावर सही घ्यायची, पुढं दोन हजार खपल्या काय नि दोन लाख खपल्या काय, गाणाऱ्याला फरक नाही. तबलजीला त्या दिवसाचे पैसे. विक्री संपली म्हणून जो हळहळतोय तो दुकानदार आणि वितरक, आणि त्यांचं दुःख खरं आहे. पण ते कलाकाराच्या नावावर खपवू नका. आज स्वतःच्या खर्चानं रेकॉर्डिंग केलं तर मास्टर, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रण, स्वतःकडं राहतो. कॅसेटच्या काळात हे जवळजवळ कुणाला मिळालं नाही.

३० सेकंद आणि ४० मिनिटं हा अन्याय आहे, मान्य. पण माध्यमापुढं गाणं नेहमीच वाकलं आहे. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचं रेकॉर्डिंग झालं, तेव्हापासून अर्धं शतक दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटंच बसत होती. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, त्यांच्या गाण्याची जगाला ओळख झाली ती याच तीन-तीन मिनिटांच्या तुकड्यांतून. त्यांनी रात्र-रात्र चालणारा राग त्या मापात बसवला. मग आपण आलाप, विलंबित (संथ) आणि द्रुत (जलद) असे तीन ट्रॅक करायला काय हरकत आहे? फक्त तुकडा पाडताना समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, पाडा, आणि ट्रॅकच्या मध्ये दोन सेकंदांची शांतता घालू नका. तानपुरा तुटतो आणि ऐकणाऱ्याला खड्ड्यात गेल्यासारखं होतं.

यूट्यूबवर तर लांबी उलट कामाला येते. जाहिरातींतला वाटा सुरू व्हायला १,००० सदस्य आणि बारा महिन्यांत ४,००० तास पाहणं लागतं. ४० मिनिटांचा राग ६,००० वेळा पूर्ण ऐकला गेला की ४,००० तास झाले. तेवढेच तास चार मिनिटांच्या गाण्याला ६०,००० वेळा वाजून मिळतात. आठ मिनिटांच्या वरच्या व्हिडिओत मधे जाहिरात घालता येते. ती यंत्रणेवर सोडू नका, नाहीतर विलंबितात बढत चालली असताना साबणाची जाहिरात येते. हातानं जागा ठरवा, विलंबित संपून द्रुत सुरू व्हायच्या आधी एकच.

राहिलं घडीचं कार्ड. ट्रॅक चढवताना वितरकाच्या (गाणं ॲपपर्यंत पोचवणाऱ्या कंपनीच्या) फॉर्ममध्ये साथीदार, गीतकार, संगीतकार, सगळ्यांचे रकाने असतात. आपले लोक ते रिकामे सोडतात. बारा अक्षरी आयएसआरसी क्रमांकाला, म्हणजे रेकॉर्डिंगच्या ओळख क्रमांकाला, जोडून ही नावं नीट भरली नाहीत, तर नाव गायब होण्याचा दोष ॲपचा नाही.

पायपेटी

दोघं पण शहरातलं बोलताय. भजनी मंडळाचा ऐकणारा कोण आहे ते बघा. पहाटे देवळाच्या भोंग्यावर लावायला काय लागतंय? अँप्लिफायरला मागं यूएसबीचं भोक असतंय, त्यात पेनड्राइव्ह. उसाच्या ट्रॅक्टरवर काय असतंय? पेनड्राइव्ह. वारीच्या टेंपोत? पेनड्राइव्हच. सीडीचा खाचा नवीन गाडीत येत नाही, लॅपटॉपमध्ये येत नाही, त्यामुळं सीडीचा विषय सोडा. पण विक्री संपली असं म्हणू नका. आषाढीच्या आधी आणि श्रावणात पेनड्राइव्ह खपतोय.

फक्त करताना चुका करतात लोक, आणि मग "वाजत नाही" म्हणून परत येतोय. म्हणून नीट लिहितो.

पेनड्राइव्ह फॅट-३२ मध्ये फॉरमॅट करायचा. नवीन मोठ्या क्षमतेचा ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये येतोय आणि जुने अँप्लिफायर, गाडीतले स्वस्तातले डेक ते ओळखतच नाहीत. ८ किंवा १६ जीबीच्या वर जायचं कारण नाही. गाणी एमपीथ्रीच ठेवा, १९२ किंवा २५६ केबीपीएस. वेव्ह किंवा फ्लॅक फाईल निम्म्या डेकला कळत नाही. फाईलचं नाव देवनागरीत दिलं तर पडद्यावर चौकोन दिसतात, म्हणून सुरुवातीला ०१, ०२ असे आकडे द्या, तेही इंग्रजी अंकांत.

आता सगळ्यात मोठी खोच. बरेच डेक फाईल नावाच्या क्रमानं वाजवत नाहीत, ज्या क्रमानं ड्राइव्हवर उतरवल्या त्या क्रमानं वाजवतात. सगळ्या एकदम निवडून ओढल्या की क्रम कसाही लागतो, आणि मंगलाचरणाच्या आधी भैरवी वाजते. एकेक फाईल क्रमानं टाका. काकडआरती, अभंग, गौळण, हरिपाठ असे फोल्डर करत असाल तर फोल्डरसुद्धा त्याच क्रमानं. फोल्डरात फोल्डर करू नका. उतरवून झाल्यावर ड्राइव्ह 'इजेक्ट' करून काढा, नाहीतर शेवटचं गाणं अर्धंच राहतंय. आणि गठ्ठ्यातला प्रत्येक ड्राइव्ह लावून बघा. स्वस्तातल्या मालात लिहिलेलं ८ जीबी आणि आत निघतं २, असं होतंय.

जवारी

पायपेटी, माहिती उत्तम दिलीत. पण पेनड्राइव्ह गावात एकानं घेतला की संध्याकाळपर्यंत वीस जणांकडं उतरतो. मग विक्री कसली?

पायपेटी

उतरू द्या की. कॅसेटीला कॅसेट लावून डबल डेकवर उतरवत नव्हते का? वीस जणांनी ऐकलं तर दोन गावांची सुपारी येते. तुम्ही फाईलच्या टॅगमध्ये मंडळाचं नाव आणि संपर्क घाला, आणि प्रत्येक फोल्डरच्या शेवटी दहा सेकंद आवाजात मंडळाचं नाव सांगा. जुन्या तबकडीच्या शेवटी कलाकार स्वतःचं नाव सांगायचे, तसं. ते खोडायचा कुणी त्रास घेत नाही. अन् पहिली प्रत विकत घेणारा असतोच. देवळाची कमिटी, पारायणाची कमिटी, यांना हिशेबात पावती दाखवायची असते.

कलम_अठरा

मालकीचा विषय निघालाच आहे तर कायद्याचं नीट मांडतो, कारण सांगली-मिरजेच्या कलाकाराच्या हातात याबाबतीत एक ठेवा आहे आणि तो वापरला जात नाही.

आपल्या कॉपीराईट कायद्यात एका रेकॉर्डिंगमध्ये वेगवेगळे हक्क असतात. ध्वनिमुद्रणाचा हक्क निर्मात्याचा, प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. शब्दांचा कवीचा आणि चालीचा संगीतकाराचा, त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा कलाकार म्हणून वेगळा हक्क, ५० वर्षं. यातला एक संपला म्हणून दुसरा संपत नाही, आणि गफलत इथंच होते. १९६४ साली निघालेल्या तबकडीच्या ध्वनिमुद्रणाचा हक्क १ जानेवारी २०२५ ला संपला. पण त्यातल्या गाण्याचा कवी १९८० साली गेला असेल तर शब्दांचा हक्क २०४० च्या शेवटापर्यंत आहे.

आता ठेवा म्हणजे काय ते बघा. हरिपूरचे नाटककार गोविंद बल्लाळ देवल १९१६ साली गेले. सांगलीचे नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ साली गेले, त्यांच्या पदांचा हक्क २००८ अखेर संपला. त्या पदांना चाली देणारे भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, गोविंदराव टेंबे १९५५ साली, म्हणजे टेंब्यांच्या चालीही २०१६ पासून मोकळ्या आहेत. या मंडळींची नाट्यपदं तुम्ही स्वतः गाऊन, स्वतः रेकॉर्ड करून, बिनदिक्कत विकू शकता. कुणाची परवानगी नाही, कुणाला रॉयल्टी नाही. मात्र नंतरच्या एखाद्या गायकाच्या गाजलेल्या तबकडीवरची वाद्यवृंदाची जुळणी जशीच्या तशी उचलू नका. ती नंतरची निर्मिती असते, आणि यूट्यूबची यंत्रणा तिच्यावर हक्काचा दावा लावते.

दावा आलाच तर घाबरून व्हिडिओ काढू नका. हरकतीच्या रकान्यात तीन ओळी लिहायच्या : शब्द कुणाचे आणि मृत्यूचं वर्ष, चाल कुणाची आणि मृत्यूचं वर्ष, हे ध्वनिमुद्रण आमचं स्वतःचं, अमुक दिवशी केलेलं. मूळ रेकॉर्डिंगची सत्राची फाईल जपून ठेवा, पुरावा तोच.

जवारी यांनी एकरकमी मानधनाचं लिहिलं. त्यावर एवढंच : हक्क देणं लेखी आणि सहीनिशी असावं लागतं. मे १९९५ नंतरच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते. अशा करारात प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. घेणाऱ्यानं एक वर्षात हक्क वापरला नाही आणि करारात वेगळं काही नसेल तर तो परत येतो. २०१२ च्या दुरुस्तीनं कवी-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटाही पक्का केला, तो निर्मात्याला लिहून देता येत नाही. बरेच जण जुने कागद न वाचताच "आमचं सगळं कंपनीकडं गेलं" म्हणतात. एकदा कागद काढून वाचा.

हळदपेठ

जवारी, तुमचा पहिला मुद्दा मला मान्य करावा लागतो. कॅसेटच्या काळातली विक्री कलाकाराची नव्हती. पण मग त्यातून निघतं ते हे, की आज मास्टर स्वतःकडं आहे, हक्क मोकळे आहेत, मधला माणूस नाही, आणि नेमकं आत्ताच आपण विकायचं सोडून देतोय. फुकट टाकायची घाई याच वेळी कशासाठी?

आणि फॉर्म नीट भरला तर नावं दिसतात म्हणता, ते खरं आहे. पण वितरकांपैकी काही जण वार्षिक वर्गणीवर चालतात. वर्गणी थकली की गाणं उतरवलं जातं. कलाकार गेला, मुलांनी वर्गणी भरली नाही, की गाणं गेलं. विकलेली प्रत कुणाच्या तरी कपाटात राहते.

फेरिक

कपाटाचा विषय निघाला म्हणून लिहितो. टेप दुरुस्ती आणि डिजिटायझेशन हे माझं काम आहे. या वादात कुणीच न मांडलेली बाजू अशी, की स्ट्रीमिंगवर 'सगळं' आहे हे खोटं आहे. मोठ्या कंपन्यांचं आहे. पण आपल्या भागात लहान कंपन्यांनी काढलेली भजनं, भारुडं, पोवाडे, वगनाट्यं, स्थानिक गायकांची नाट्यपदं यातलं कितीतरी कुठल्याच ॲपवर नाही. त्या कंपन्या बंद पडल्या, मास्टर टेपा गेल्या. जे उरलंय ते लोकांनी विकत घेतलेल्या कॅसेटींतच उरलंय. जुनी विक्री हाच आपला संग्रह झाला, आणि तो आता झपाट्यानं नासतोय.

सांगलीत तर पाण्यानं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, २०२१ ला पुन्हा आलं. पुरात भिजलेली कॅसेट लोक दोन प्रकारे मारतात : एकतर उन्हात वाळत घालतात, नाहीतर वाजतेय का बघायला तशीच डेकमध्ये घालतात. उन्हानं कवच वाकतं आणि टेप ताणली जाते. गाळ वाळला की तो पॉलिश पेपर होतो आणि वाजवताना टेपवरचा लोहभस्माचा थर खरवडून काढतो, डेकच्या हेडसकट (टेप वाचणारा भाग).

बरोबर पद्धत अशी. गाळ वाळू द्यायचा नाही. साफ करायला वेळ नसेल तर कॅसेट स्वच्छ गार पाण्यातच ठेवायची. कवचाला पाच स्क्रू असतील तर उघडायचं, चिकटवलेलं असेल तर सांध्यात पातळ पातं घालून हलकेच फोडायचं, कवच तसंही टाकायचंच आहे. टेपचे दोन्ही गोळे बाहेर काढून डिस्टिल्ड वॉटरमध्ये हलकेच हलवायचे, पाणी गढूळ व्हायचं थांबेपर्यंत बदलत राहायचं. साबण नाही, स्पिरिट नाही. मग गोळे उभे ठेवून सावलीत, पंखा लांबून. हेअर ड्रायर नाही. ओली असताना गुंडाळायची नाही, थर एकमेकांना चिकटून सोलतात. पूर्ण वाळायला काही दिवस लागतात, घाई करू नका.

पूर न लागलेल्या कॅसेटीतही दोन गोष्टी हमखास गेलेल्या असतात. टेपच्या मागं तांब्याच्या पट्टीवर लोकरीचा छोटा चौकोन असतो, टेपला हेडवर दाबून धरणारा. त्याचा गोंद सुटून तो पडलेला असतो. त्यामुळं आवाज दबका येतो आणि लोक समजतात टेप खराब झाली. टेप चांगली असते. स्क्रूचं नवं कवच घ्या, गोळे त्यात बसवा, काम झालं. दुसरं, सुरुवातीची पारदर्शक पट्टी तुटलेली असते. तिथं साधी सेलोटेप लावू नका, गोंद पाझरून पुढचे थर चिकटवतो. टेपच्याच रुंदीची जोडपट्टी मिळते, ती वापरा. पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट वेगळी करा आणि डेकमध्ये घालूच नका, पुढच्या दहा कॅसेटींना लागते. साफ करताना तोंडाला मास्क लावा.

उतरवताना वॉकमन नको, चांगला डेक हवा. हेड आणि रबरी चाक आधी साफ करा. हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, रबराला अगदी थोडं. टेप एकदा शेवटापर्यंत पुढं नि परत मागं गुंडाळून घ्या, म्हणजे वर्षानुवर्षं बसलेला ताण सारखा होतो. मग हेडशेजारचा स्क्रू फिरवून कोन जुळवायचा : आवाज मोनो करा, हळूहळू फिरवा, टाळ-झांजांचा आवाज जिथं सगळ्यात स्वच्छ येईल तिथं थांबा. हे प्रत्येक कॅसेटीला वेगळं करावं लागतं, कारण ज्या मशीनवर ती भरली त्याचा कोन वेगळा होता. नव्वद टक्के लोक हे करत नाहीत आणि मग संगणकावर ट्रेबल वाढवत बसतात.

वेग तपासा. टेप सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर जायला हवी. मोटर ६ टक्के जोरात फिरली तर काळी एकमधलं भजन पांढरी दोनमध्ये, म्हणजे अर्धा स्वर वर, ऐकू येतं, गळाही बारीक होतो. रेकॉर्डिंग २४ बिट, ९६ किलोहर्ट्झला करा, आवाजाचं टोक उणे ६ डेसिबलच्या वर नको. ६० मिनिटांच्या कॅसेटीला दोन जीबीच्या थोडं वर जागा लागते, ती आज काहीच नाही. ही मूळ फाईल जशीच्या तशी ठेवा, खरखर काढायची ती दुसऱ्या प्रतीवर.

ज्यांच्याकडं ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) जुन्या तबकड्या आहेत त्यांना एकच विनंती : स्पिरिटनं पुसू नका. ती तबकडी लाखेची आहे, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. आणि एलपीची (नंतरच्या लांब वाजणाऱ्या तबकडीची) सुई लावू नका. ७८ ची खाच रुंद असते, तिला ३ मिलच्या (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आसपासची सुई लागते, एलपीची एकाहून कमी मिलची सुई खाचेच्या तळाशी खरखर गोळा करत फिरते.

कलम_अठरा

फेरिक, काम मोलाचं आहे. एक सावधगिरी. बंद पडलेल्या कंपनीचा हक्क कंपनीबरोबर मरत नाही. घरी ऐकायला, अभ्यासाला प्रत करणं वेगळं आणि चॅनलवर टाकणं वेगळं. कलाकार किंवा वारस हयात असतील तर त्यांच्याकडून जुना करार मागून बघा, तो मे १९९५ नंतरचा असेल आणि मुदत लिहिलेली नसेल तर मार्ग निघू शकतो.

कऱ्हाडी

एलपी परत आल्या म्हणतात. अमेरिकेत २०२२ साली सीडीपेक्षा एलपी जास्त खपल्या. मिरजेच्या सतारीची एलपी का काढू नये? सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, नावाला वजन आहे.

जवारी

भावना समजते, पण आत्ता नको. एलपीच्या एका बाजूला २०-२२ मिनिटंच बसतात. त्यापुढं गेलं की खाचा जवळ आणाव्या लागतात, आवाज खाली येतो आणि शांत आलापात पृष्ठभागाची खरखर वर येते. छापायला एका वेळी निदान शंभरेक प्रती घ्याव्या लागतात, नमुना तबकडी तपासायची, ती वाकून आली तर परत पाठवायची. एवढं करून ती वाजवायला टर्नटेबल किती घरात आहे? त्याच पैशात दोन दिवस चांगली खोली आणि चांगले मायक्रोफोन घ्या. मानांकन वाद्याला आहे, ते ऐकू यायला हवं.

हळदपेठ

एलपीवर जवारींशी सहमत. मग येत्या नवरात्रापुरतं माझं म्हणणं असं. मैफलीच्या दारात टेबल. पेनड्राइव्ह आणि एक छापील कार्ड, दोन्ही. कार्डावर साथीदारांची पूर्ण नावं, रागाचं नाव, बंदिशीचे शब्द, रेकॉर्डिंगची तारीख, आणि क्यूआर कोड. पैसे भरले की त्या कोडवरून पूर्ण दर्जाची फाईल उतरवता येईल. यूट्यूबवर फक्त द्रुत टाका. विलंबित ज्याला हवं तो विकत घेईल. आधी चाळीसच प्रती करा. उरल्या तर नुकसान चाळीसचं, पाचशेचं नाही. नावं-नंबर वहीत लिहून घ्या, पुढच्या कार्यक्रमाला पहिला निरोप त्यांनाच.

पायपेटी

टेबल मध्यंतरात लावा, शेवटी नाही. शेवटी माणूस गाडी काढायच्या घाईत असतो. आणि सुट्टे पैसे शोधायची वेळ येऊ देऊ नका, किंमत दोनशेच ठेवा.

जवारी

विलंबित यूट्यूबवर न टाकणं मला पटत नाही. नवीन ऐकणारा विलंबितानंच धरला जातो, आणि ते ४,००० तास तिथूनच येतात. मी पूर्ण राग टाकेन आणि विकायला त्या रात्रीचाच दुसरा राग ठेवेन, जो कुठंच नाही. टेबलाला माझा विरोध नाही, चाळीस प्रती करून बघा.

फक्त फाईल देण्याआधी एक बघा. रेकॉर्डिंगमधला पंख्याचा, एसीचा आवाज काढायला लोक खरखर काढणारं सॉफ्टवेअर फिरवतात. ते सतत चालणाऱ्या आवाजाला खरखर समजतं, आणि तानपुरा सतत चालतो. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची गुंज, त्यातच जाते. पूर्ण गाण्यावर ते फिरवण्यापेक्षा रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद करा. आधीच झालेलं असेल तर तानपुरा लागण्याआधीचा, नुसत्या खोलीचा पाच सेकंदांचा तुकडा नमुना म्हणून द्या, आणि ६ डेसिबलच्या पुढं काढू नका. यूट्यूबच्या प्रतीत एवढं कळणार नाही. विकत घेतलेल्या प्रतीत कळेल.

फेरिक

आणि त्या खोलीचा तुकडा फाईलमधून कापून टाकू नका. पन्नास वर्षांनी कुणी साफ करायला बसलं तर त्याला तोच लागणार आहे.